शटर वर, नोटीस आत

दुकान सकाळी साडेनऊला उघडते आणि रात्री दहाला बंद होते. दुपारीही शटर खाली येत नाही, शेठ गल्ल्यावरच डुलकी काढतात. कुरिअरवाला दिवसातून चारदा येतो, त्याच्या यंत्रावर शेठ बोटाने सही करतात. फक्त गाळामालकाच्या वकिलाचे पाकीट घेऊन पोस्टमन आला की शेरा पडतो, 'दुकान बंद'. दुसऱ्या दिवशी 'बाहेरगावी'. मग 'सूचना दिली, नेले नाही'. शेरा लिहायला पेन बहुधा शेठच देत असावेत.

भाडे थकले आहे अकरा महिन्यांचे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १५ सांगते की आधी लेखी मागणी करा, मग ९० दिवस थांबा, मग दावा लावा. दाव्याचे समन्स बजावल्यावर भाडेकरूला पुन्हा ९० दिवस. तेवढ्यात थकबाकी १५ टक्के सरळ व्याज आणि खर्चासह भरली, पुढचे भाडे भरत राहिला, की झाले. एक कोटी किंवा जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही. तिथे पाकीट पहिल्याच दिवशी पोचते आणि रिसेप्शनवरची मुलगी शिक्काही मारून देते.

कायदा अगदीच भोळा नाही. बरोबर पत्त्यावर, पुरेसे तिकीट लावून रजिस्टर केलेले पाकीट पोचलेच असे कोर्ट धरून चालते. मग शेठचे वकील उभे राहतात. पाकीट मिळाले, साहेब, पण आत कोरा कागद होता! म्हणजे माणसाने वकिलाची फी भरली, पोस्टाच्या रांगेत उभा राहिला, कशासाठी, तर भाडेकरूला चिठ्ठ्या लिहायला कागद मिळावा म्हणून.

उरला शेवटचा मार्ग, नोटीस जागेवर ठळक ठिकाणी चिकटवण्याचा. गाळ्याला ठळक जागा एकच, शटर. रात्री साडेदहाला दोन पंच, खळीचा डबा, मोबाइलवर तारखेसकट फोटो, असा सगळा सरंजाम झाला. सकाळी साडेनऊला शेठनी शटर वर ढकलले. नोटीस शटरच्या पट्ट्यांबरोबर गुंडाळत वर गेली आणि दिवसभर लाडवांच्या जाहिरातीमागे डब्यात सुखाने पडून राहिली. रात्री ती खाली आली, तेव्हा वाचायला रस्त्यावर कुत्री होती. तिसऱ्या दिवशी खळी सुटली, कागद मधोमध फाटला, रक्कम वर राहिली आणि मुदत खाली पडली.

हसता कसले? त्या गाळ्याच्या भाड्यावर एका म्हाताऱ्या बाईंचे औषधपाणी चालते. जीएसटीची नोंदणी आहे म्हणून बिल फाडले की न मिळालेल्या भाड्यावरचा १८ टक्के कर पदरचा भरायचा. सरकारला पैसे वेळेवर हवेत, ते आले कुठून हे विचारायला कोणी रिकामे नाही. उलट चिडून बाईंच्या मुलाने गाळ्याची वीज तोडली असती, तर त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ खाली शेठ दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेले असते. तेव्हा मात्र दुकान उघडे, शेठ गावात, सही ठसठशीत.

परवा शेठकडून उत्तरी नोटीस आली, आठ पानी. पहिल्याच ओळीत, आपली नोटीस आमच्या अशिलास आजतागायत मिळालेली नाही. पुढे, तिच्यातील परिच्छेद ४ चा मजकूर सपशेल खोटा असून तो आमच्या अशिलास कबूल नाही.

बाईंनी पाकीट सही करून घेतले.