किडेपुसे भाऊसाहेब

धाराशिव जिल्ह्यातील गाडीमालकांमध्ये भाऊसाहेब हा प्रकार सर्वत्र आढळतो. परांड्यापासून उमरग्यापर्यंत आठही तालुक्यांत त्याची वस्ती आहे. व्यवसायाने भाऊसाहेब जिल्हा परिषदेचे गुरुजी असतील, ग्रामसेवक असतील, कृषी सेवा केंद्राचे मालक असतील, नाहीतर उसाचे बिल खात्यावर पडताच सोलापूरचे शोरूम गाठलेले बागायतदार असतील. गाडी मात्र पांढरीच असते. पांढरी ऊन कमी धरते आणि विकताना भाव देते, असे घेताना सगळे सांगतात. पांढऱ्यावर प्रत्येक किडा मोजून घेता येतो, हे कुणी सांगत नाही.

ओळखीच्या खुणा ठरलेल्या आहेत. सीटवरचे शोरूमचे प्लास्टिक दुसऱ्या दिवाळीपर्यंत निघत नाही. मागच्या काचेवर तुळजाभवानीचा उदो असतो. नंबर एमएच २५ चा. आरसी बुकात उस्मानाबाद असले तरी काचेवर धाराशिव, तेही २०२३ च्या नामांतराच्या बऱ्याच आधीपासून. पण खरी ओळख डिकीत पटते. तेथे स्टेपनीशेजारी एक कापडी पिशवी असते आणि तिच्यात जुनी बनियन, पिवळे फडके, शाम्पूच्या एक रुपयावाल्या पुड्या, कंपनीच्या चिन्हाच्या फटी साफ करायला दाढीचा ब्रश आणि घरातून नाहीशी झालेली भांड्याची घासणी. “अहो, घासणी परत गाडीत गेली का?” हा प्रश्न जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मे-जूनमध्ये विचारला जातो. उत्तर येत नाही. बाहेरून फक्त बादलीचा आवाज येतो.

भाऊसाहेबांचा स्वभाव कळायचा तर आधी किड्यांचे वेळापत्रक कळले पाहिजे. मार्च-एप्रिल तसा बरा जातो. ज्वारी रानातून घरात आलेली, रान रिकामे, दुपारी पारा चाळिशीपुढे. अशा हवेत किडेही सावली धरून बसतात. काचेवर येते ती एखादी मधमाशी, पिवळा थेंब सोडून जाणारी. खरी धांदल वळवाच्या पावसाने सुरू होते. जमीन ओली झाली की त्याच संध्याकाळी वाळवीचे पंख फुटलेले किडे वारुळांतून बाहेर पडतात. या किड्यांना पंख तेवढ्या एका भरारीपुरतेच असतात, नंतर ते स्वतःच टाकून देतात. गाडीला धडकलेल्यांचे देह वाऱ्यावर जातात आणि पंख वायपरच्या मुळाशी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे साठतात. ते वेचणे हे बोटांच्या चिमटीचे काम आहे, आणि भाऊसाहेब ते चष्मा लावून करतात.

दुसरा, आणि भाऊसाहेबांच्या लेखी पहिला, शत्रू म्हणजे हुमणीचा भुंगा. हुमणी म्हणजे ऊस, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळ्या खाणारी जमिनीतली पांढरी अळी. भुंगा हे तिचे मोठेपण. मे-जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर दिवस मावळला की हे तपकिरी भुंगे जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, नर-मादीचे मीलन होते आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. वर्षातून एकच पिढी होते, म्हणून जे मारायचे ते याच दिवसांत मारा, असे कृषी खाते सांगते: रात्री फांद्या हलवा, पडलेले भुंगे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका, गावाने मिळून प्रकाश सापळे लावा.

आता भुंग्यांची वेळ आणि भाऊसाहेबांची वेळ एकच. सोलापूरहून खरेदी किंवा दवाखाना उरकून ते तुळजापूर सोडतात तेव्हा साडेसात-आठ झालेले असतात. पुढे सोलापूर-धुळे महामार्गावर येडशीपर्यंत दुतर्फा शेते, अधूनमधून कडुनिंब, आणि गाडीचे दिवे प्रखर. म्हणजे भाऊसाहेब स्वतःच्या खर्चाने, ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगाने, चालता प्रकाश सापळा घेऊन निघालेले असतात. प्रत्येक टप् असा आवाज म्हणजे न घातलेली पन्नास अंडी. पण हा हिशेब त्यांना पटत नाही. रानात मेलेला भुंगा पाहून ज्यांना समाधान वाटते, तेच बॉनेटवर मेलेला भुंगा पाहून गाडी बाजूला घेतात. जिल्ह्याच्या शेतीच्या दृष्टीने ही मोठीच विसंगती आहे.

मृगाचा लाल मखमली किडा या यादीत येत नाही. तो आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला. उडत नाही, खालूनच चालतो. सगळ्या पावसाळी जिवांत गाडीच्या बाबतीत एवढा सभ्य तोच.

डाग का बसतो, हे थोडक्यात. किड्याच्या अंगात जे द्रव असते त्यात पाण्याबरोबर प्रथिने असतात. हवा लागली की ते गोठते आणि उन्हाने कडक होते. बहुतेक किड्यांच्या या रक्तात हिमोग्लोबिन नसते, म्हणून डाग पिवळा किंवा हिरवट पडतो. लाल डाग दिसलाच तर तो बहुधा पोट भरून निघालेल्या डासाचा, म्हणजे रक्त किड्याचे नसून कुणा माणसाचे. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, जाडी चाळीस-पन्नास मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षा कमी. उन्हात पत्रा तापून तो थर मऊ पडतो आणि वाळत चाललेला डाग त्याला धरतो. रात्रीचा डाग सकाळी फडक्याने निघतो. चार दुपारी खाल्लेला डाग निघाल्यावरही जागेवर आपली खूण ठेवतो.

रात्री घरी पोचल्यावर भाऊसाहेब जेवायला बसत नाहीत. मोबाइलची बॅटरी लावून बंपर, नंबर प्लेट, आरसे, छताची पुढची कड अशा क्रमाने पाहणी होते. डागावरून किडा ओळखण्याचा त्यांचा अभ्यास चांगला असतो: पसरट पिवळा तो भुंगा, भुकटीसारखा करडा तो पतंग. अमेरिकेत याच विद्येवर फ्लोरिडा विद्यापीठाच्या मार्क होस्टेटलर यांनी पुस्तक लिहिले आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे चेष्टेतले पारितोषिक मिळाले. भाऊसाहेबांचे संशोधन अप्रकाशित आहे.

पाहणी रात्री होते, पण उपाय सकाळी, चहा आणि दोन फोन झाल्यावर, म्हणजे ऊन चांगले चढल्यावर सुरू होतो. इथेच सगळे बिघडते. पहिला उपाय नखाचा. दुसरा कालच्या पेपरचा, कोरडा बोळा करून; त्याने काळ्या रानाची धूळ डागासकट रंगावर घासली जाते आणि बारीक ओरखड्यांचे जाळे उमटते. तिसरा भांड्याच्या वडीचा, चौथा घासणीचा. नंतर टूथपेस्ट येते, लिंबू येते, आणि कुणीतरी शेजारी हमखास रॉकेल सुचवतो. रॉकेलची जागा भुंग्याच्या बादलीत आहे, बॉनेटवर नाही. ते डाग सैल करते तसे रंगावरचे मेणही उतरवते आणि मागे तेलकट थर ठेवते, ज्यावर दुपारपर्यंत रस्त्याची सगळी धूळ येऊन बसते.

नव्या गाडीच्या बाबतीत एक खास पेच पडतो. गाडी शोरूममधून निघाली की आधी तुळजापूरला जाते. बॉनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक निघते, हार चढतो, लिंबू चाकाखाली जाते. परतीच्या वाटेवर पहिला भुंगा धडकतो तो नेमका स्वस्तिकावर. डाग पुसावा तर कुंकू पुसले जाते, कुंकू ठेवावे तर डाग पिकतो. अशा वेळी भाऊसाहेब कान कोरायच्या काडीला कापूस लावून स्वस्तिकाच्या चार घरांतून डाग टिपतात, आणि घरची मंडळी ओट्यावरून पाहत राहतात. हळद-कुंकवानेही रंगावर डाग पडतो, हे सांगण्याची ही वेळ नसते.

शेवटी गाडी वॉशिंग सेंटरवर जाते. तेथला विशी न ओलांडलेला पोरगा एकदा बंपरकडे, एकदा भाऊसाहेबांकडे पाहतो आणि निकाल देतो, “मामा, वाळल्यावर घासून निघत नसतंय. भिजू द्यायचं.” या विषयावर एवढे नेमके वाक्य दुसऱ्या कुणी बोललेले नाही.

योग्य रीत तीच. गाडी सावलीत घ्यावी, पत्रा गार होऊ द्यावा. जुने सुती कापड किंवा तोच कालचा पेपर पाण्यात बुडवून डागांवर पसरावा आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. वाळू लागला तर पुन्हा पाणी शिंपडावे. मग गाडीचा शाम्पू पाण्यात घालून मऊ मायक्रोफायबर फडक्याने, जोर न लावता, एका दिशेने पुसावे. निघाला नाही तर पुन्हा भिजवावे. फडके दर थोड्या वेळाने पिळून उलटावे, नाहीतर भुंग्याचे कडक कवचच घासणीचे काम करते. काचेवरचा डाग वायपरने काढायला जाऊ नये. वायपर तो पुसत नाही, पसरवतो, आणि रात्री समोरच्या ट्रकचा उजेड त्या पसाऱ्यात फुटून रस्ता दिसेनासा होतो. रंगाचे राहू द्या, काच मात्र त्याच रात्री पुसलीच पाहिजे. वायपरच्या टाकीत साध्या पाण्याऐवजी काचेचे द्रावण घातले तर वाटेतही काम भागते. शाम्पूची अख्खी पुडी ओतली तर फेस होतो आणि तोही पुसत बसावा लागतो.

पाण्याचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात नळाचा वार ठरलेला असतो आणि वाडीवस्तीवर टँकर येतो, तिथे पाइप लावून गाडी धुणारा भाऊसाहेब गल्लीच्या नजरेत भरतो. भिजवून पुसले तर दोन बादल्या पुरतात. बोअरचे पाणी जड असते, ते अंगावर वाळू दिले तर किड्याच्या पिवळ्या डागाच्या जागी क्षाराचा पांढरा ठिपका येतो. म्हणून शेवटी कोरडे पुसणे चुकवू नये. बंपरच्या जाळीमागेही डोकावावे. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या बारीक पात्यांत किडे अडकले की हवा कमी जाते आणि एसी गार होत नाही. ते हलक्या पाण्याने काढावेत, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

प्रतिबंधाच्या बाबतीत भाऊसाहेबांची श्रद्धा खर्चाच्या प्रमाणात वाढते. खोबरेल तेलाचा हात फिरवणारे गरीब पंथातले. त्यांच्या गाडीवर किडा आणि धूळ दोन्ही चिकटतात. साधे मेणाचे पॉलिश उत्तम, दोन-तीन महिने टिकते आणि डाग ओल्या फडक्याने सुटतो. सिरॅमिक कोटिंग त्याहून बरेच दिवस टिकते. पारदर्शक फिल्म सर्वांत महाग. घाव ती स्वतः सोसते. यांपैकी काहीही लावले तरी किडे धडकायचे थांबत नाहीत, फक्त पुसणे सोपे होते, ही गोष्ट विकणारा हळू आवाजात सांगतो. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवून त्याला जाळी बांधणारेही आहेत. पण त्या गार्डवर कारवाई करा असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.

फुकटचे उपाय दोन, म्हणून ते कुणी करत नाही. एक, वेग. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी शंभरची गाडी पन्नासवर आणली तर धक्का चौथाईवर येतो, आणि हलके किडे तर हवेच्या झोतानेच काचेवरून निघून जातात. दोन, वेळ. वळवानंतरच्या आठवड्यात दिवस मावळायच्या आत घर गाठावे. यात तिसरी भर घालायची तर गाडी कडुनिंबाखाली लावू नये. भाऊसाहेब सावली म्हणून नेमकी तिथेच लावतात. रात्री त्याच झाडावर भुंग्यांचा मेळा असतो, पहाटे ते खायला पक्षी येतात, आणि सकाळी छतावर जे पडलेले असते ते भुंग्यापेक्षाही रंगाला वाईट.

याच जातीत पोटभेद आहेत. साहेबांच्या गाडीचा चालक स्वतः पुसतो पण मनाला लावून घेत नाही. वडापच्या जीपवाल्याच्या काचेवर तीन हंगामांचे किडे थरांनी असतात आणि मधोमध त्याला लागेल तेवढीच वाट पुसलेली असते. पुण्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेले जावई गाडीला झाकण घालतात.

काही देशांत हे डाग मोजतात. ब्रिटनमध्ये २००४ साली पक्षी संरक्षण संस्थेने सुमारे ४० हजार चालकांना नंबर प्लेटवरचे किडे मोजायला लावले. सरासरी आठ किलोमीटरला एक निघाला. डेन्मार्कमध्ये ठरावीक रस्त्यांवर १९९७ ते २०१७ पर्यंत काचेवरचे किडे मोजले, तर ते ८० टक्क्यांनी आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त घटलेले दिसले. काच आपोआप स्वच्छ राहू लागली, याची तिथल्या शास्त्रज्ञांना काळजी वाटते. ही बातमी भाऊसाहेबांना सांगितली तर ते आधी तिथे कोणते कोटिंग वापरतात ते विचारतील.

पाऊस लागून राहिला की हुमणीचे भुंगे उडायचे थांबतात आणि चिखलाचे दिवस येतात. चिखल साध्या पाण्याने निघतो. घासणी तेव्हा घरात परत द्यावी.