विलगीकरणाचा बंदोबस्त

गृहविलगीकरणाची सरकारी सूचनापत्रे ज्या कोणा सत्पुरुषाने लिहिली, त्याचे घर चांगले ऐसपैस असले पाहिजे, यात मला तिळमात्र संदेह नाही. 2021 च्या एप्रिलात करोनाच्या दुसऱ्या लाटेने पुण्यातील रुग्णालयांत खाट मिळणे दुरापास्त करून ठेवले असता आमच्या कनिष्ठ बंधूंना सौम्य लक्षणे दिसू लागली आणि डॉक्टरांनी त्यांस घरीच राहण्याची मुभा दिली. रुग्णाने हवेशीर खोलीत एकट्याने राहावे, वृद्धांपासून दूर असावे, शुश्रूषेस चोवीस तास माणूस असावा, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून 10 दिवस लोटून त्यांतील शेवटचे 3 दिवस ताप नसल्यावाचून त्याची मुक्तता होऊ नये, ही कलमे वाचून होताच संलग्न न्हाणीघर असलेल्या एकुलत्या एका खोलीवरील माझी अनेक वर्षांची वहिवाट चर्चेवाचून खालसा झाली आणि माझी रवानगी दिवाणखान्यातील सतरंजीवर करण्यात आली.

मग सामग्रीची तजवीज झाली. थर्मामीटर आला, तिपदरी मुखपट्ट्या आल्या, सोडियम हायपोक्लोराइटचे 1 टक्क्याचे द्रावण आले आणि ऑक्सिमीटर आला. आकडा 94 च्या खाली उतरल्यास तत्काळ डॉक्टरांस कळवावे, अशी ताकीद असलेले हे इवलेसे यंत्र रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी घरातील यच्चयावत निरोगी बोटांवर चढून आले, आणि 99 वाल्यांनी 97 वाल्यांकडे काही काळ करुणेने पाहिले.

घराची मुखत्यारी मात्र गेली मातोश्रींकडे. वयोमानामुळे त्यांना सर्वांत लांबच्या खोलीत बसवले होते. पण हुकूमत चालवण्यास जवळ असावे लागते, असे थोडेच आहे? नव्या नवरीच्या दिवसांत सासूबाईंच्या धाकाने सोवळ्याचे लुगडे काठीने उंच दांडीवर वाळत घालण्यात आणि कोणास न शिवता वरून वाढण्यात त्या तरबेज झालेल्या, आणि पुढे स्वतःचे राज्य येताच तो सारा पसारा त्यांनी आपण होऊन बरखास्त केलेला. आता त्यांच्या फर्मानानुसार बंद दारापुढे स्टूल मांडले गेले. त्यावर ताट ठेवायचे, मागे सरायचे, हाक मारायची आणि मगच दार उघडायचे. उष्टी भांडी रुग्णाने स्वतःच आतल्या साबणाच्या बादलीत बुडवायची. “आई, हे फार कडक होतंय,” असे मी म्हणताच पलीकडून उत्तर आले, “तेव्हा काही कारण नसताना आम्ही पाळलं, आणि आता कारण आहे तर तुम्हांला जड जातंय होय रे?” या युक्तिवादापुढे माझे अपील जागच्या जागी फेटाळले गेले.

मज्जाव होता तो माणसांना; सल्ल्यांना नव्हता. सुंठ, मिरे, दालचिनी आणि गवती चहा यांच्या परस्परविरोधी प्रमाणांचे काढे दूरध्वनीवरून घरात शिरत होते. रुग्णही दूरध्वनीवरूनच मेतकुटाची मागणी करी, आणि ती आम्हांस एकदा यंत्रातून व एकदा भिंतीतून अशी दुबार ऐकू येई. गेलेला वास परत आला का, याची सुनावणी मातोश्री रोज स्टुलावर हिंगाची डबी ठेववून घेत. अखेर एके दिवशी बंधूंनी हिंग तर ओळखलाच, वर लिंबाचे लोणचे गेल्या वर्षीचे असल्याची तक्रारही नोंदवली. “बरा झाला,” असा निकाल मातोश्रींनी तत्क्षणी दिला. मुक्तता मात्र पत्रकातील मुदत भरल्यावरच झाली.

अशी पाळी वाचकांवर येऊ नये. आलीच, तर थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर आधी आणावेत, स्टुलाची जागा आधी मुक्रर करावी, आणि सर्व कारभार एकाच माणसाच्या हाती सोपवून इतरांनी आपापली मते मुखपट्टीच्या आतच ठेवावीत.