तक्रार कुणाकडे करायची?

सरकारच्या खोलीत भाड्याने राहण्यात एक मोठं सुख असतं. जे काही बिघडतं ते सरकारचं बिघडतं. छताचा पोपडा आमटीत पडला, सरकार. संडासाच्या दाराची कडी निखळली, सरकार. जिन्यातला दिवा गेला तर बल्ब कुणी पळवला हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी शिव्या सरकारलाच. वरळीच्या बीडीडी चाळीत माझं आजोळ. सुट्टीत तिथे राहायला गेलो की थोरल्या मामींच्या तोंडी ‘पीडब्ल्यूडी’ हे नाव इतक्या वेळा यायचं की हा त्यांच्या सासरकडचा कुणीतरी नालायक दीर असावा, असा माझा बरीच वर्षं समज होता.

या चाळी सरकारने बांधल्या त्या काही मायेपोटी नव्हे. पहिलं महायुद्ध संपलं, गिरण्या जोरात होत्या आणि कामगारांना अंग टाकायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, तेच हे बीडीडी. बेत 50 हजार खोल्यांचा. खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्या झाल्या सोळा हजारांच्या थोड्या वर. गंमत म्हणजे सुरुवातीला कामगार तिकडे फिरकेनात. गिरणीपासून लांब, सिमेंटच्या भिंती, उजेड बेताचा. कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढे त्याच खोल्यांसाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या.

आजोळची खोली 160 चौरस फुटांची. मधे अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, टोकाला संडास. पावती थोरल्या मामांच्या नावावर, पण राहणारे सगळेच. धाकटे मामा गिरणीत होते. रात्रपाळी असली की त्यांची झोपायची जागा दुसऱ्याला मिळे आणि दिवसपाळी असली की ते पॅसेजमध्ये. मालकी म्हणाल तर होतीच. कोकणातल्या घराच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव होतं, बाविसावं. त्या हिशेबाने पडवीतला एखादा खांब आपला आहे, असं ते म्हणत. कोणता, ते ठरायचं होतं.

1982 चा संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. मामांनी मग वॉचमनकी केली, भाजी विकली, लग्नाच्या हॉलवर खुर्च्या मांडल्या. पण तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड आणि पगाराच्या दोन-तीन चिठ्ठ्या एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या. बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची ठरली तेव्हा हा डबा उघडला गेला. 2012 साली म्हाडाने 6,925 घरांची सोडत काढली आणि त्यात मामांचा नंबर लागला. घर 225 चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख.

चाळीत पेढे वाटून झाल्यावर मामा पेन्सिल घेऊन बसले. म्हणाले, “160 मध्ये राहत होतोच. म्हणजे वाढले 65 फूट. त्यांचेच साडेसात लाख. एका फुटाला साडेअकरा हजार!” धाकट्या मामी म्हणाल्या, “त्या 65 फुटांत संडास आहे ना? मग महाग नाही.” विषय संपला.

पैशांचं मात्र इतक्यात संपणारं नव्हतं. साठीच्या माणसाला वीस वर्षांचं कर्ज द्यायला बँकेला धीर होईना. मुलगा कुरिअरच्या कचेरीत होता, त्याच्या पगारावर कर्ज बसलं. म्हणजे घर बापाचं, कर्ज पोराचं आणि हप्त्याच्या तारखेला पोटात गोळा मामींच्या. वरची रक्कम फंडातून, पतपेढीतून आणि मामींच्या पाटल्यांतून आली. त्या पाटल्यांचा उल्लेख आमच्याकडे अजूनही आवाज खाली आणून करतात, दिवंगत माणसाचा करावा तसा.

घर घेताना किंमत कळते, घराभोवतीचा खर्च नंतर कळतो. ग्रील, सेफ्टी डोअर, विजेची अनामत आणि मग दर महिन्याला मेंटेनन्स. खोलीचं भाडं थकलं तर सरकारच्या लक्षात यायला एखादं वर्ष जायचं, आणि लक्षात आलं तरी ते चारचौघांत बोलत नसे. सोसायटीचे पैसे थकले की नाव नोटीसबोर्डावर. मामांचं अक्षर सुंदर, म्हणून त्यांना बिनविरोध चिटणीस केलेलं. मुलाची नोकरी सुटली होती त्या वर्षी थकबाकीदारांची यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून लावली आणि पहिलं नाव स्वतःचं घातलं. यादी आडनावाच्या क्रमाने होती, त्यांचं आडनाव काही पहिलं येत नव्हतं. कुणी काही बोललं नाही. फक्त त्या महिन्यात बाकीच्यांनी पैसे जरा लवकर भरले.

चिटणीस झाल्यावर मामांची खरी पंचाईत झाली. पन्नास वर्षं ज्या ठसक्यात ‘सरकार झोपलंय’ म्हटलं, त्याच ठसक्यात लोक आता ‘सोसायटी झोपलीय’ म्हणू लागले, आणि दुपारी दोन वाजता सोसायटी म्हणजे मामा खरोखरच झोपलेले असत. पंपाची मोटर जळाली, मामा. लिफ्ट सातव्यावर अडकली, मामा. इमारतीच्या बांधकाम खर्चाचा पाव टक्का दरसाल सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत टाकायचा असतो, हे उपविधींत वाचून दाखवलं तेव्हा सभेत एका निवृत्त जॉबरने विचारलं, “आणि आम्ही खायचं काय, उपविधी?” त्या सभेचं इतिवृत्त मामांनी मला वाचायला दिलं होतं. त्यात एवढंच लिहिलंय: ‘निधीबाबत सभासदांनी सूचना केल्या.’

मालकीने माणूस बदलतो तो भलत्याच जागी. चाळीत मामा हवा तिथे खिळा ठोकायचे. सरकारची भिंत, तिला काय दुखतंय? स्वतःच्या घरात त्यांनी एकही खिळा मारू दिलेला नाही. कॅलेंडर खिडकीच्या ग्रीलला सुतळीने बांधलंय आणि वाऱ्याने महिने आपोआप उलटतात. देव स्टुलावर. आजोबांचा फोटो तर इतकी वर्षं भिंतीला टेकूनच उभा आहे.

त्यांच्या मजल्यावर दोन घरांना भाडेकरू आहेत. मूळ मालक घर भाड्याने देऊन विरारला आणि बदलापूरला राहायला गेले. लोक त्यांना नावं ठेवतात, की फुकापासरी घर मिळालं आणि धंदा मांडला. मला काही तसं वाटत नाही. लोअर परळच्या भाड्यातून हप्ता जातो, विरारची खोली जाते आणि वर चार पैसे उरतात. ज्याच्या घरात मिळवता एकच हात आहे, त्याने हे गणित करू नये तर कुणी करावं? नावं ठेवणाऱ्यांनी आधी दोन-तीन हप्ते भरून पाहावेत.

आता थोरल्या मामींची गोष्ट. थोरले मामा गेले, पण भाडेपावती राहिली. चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन 2017 मध्ये झालं आणि 2021 मध्ये, सरकार बदलल्यावर, परत झालं. मामी दोन्हींना नवी साडी नेसून गेल्या. तिसरं झालं तर साडी नाही, एवढं मात्र त्यांनी जाहीर केलं होतं. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यात त्या होत्या. चाळीस मजली टॉवर, 500 चौरस फुटांचं घर, मालकी हक्काने, आणि एक रुपयाही न घेता.

धाकट्या मामांनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने पेन्सिल शोधू लागले. साडेसात लाखांत 225, शून्यात 500. मामींनी पेन्सिल त्यांच्या हातातून काढून घेतली. काही भागाकार करायचे नसतात.

चावी मिळून थोडे दिवस झाले असतील. थोरल्या मामींचा फोन आला.

“भावजी, लिफ्टमधला पंखा चालत नाही. पीडब्ल्यूडीचा नंबर आहे काय तुमच्याकडे?”

“वहिनी, पीडब्ल्यूडी संपली. आता सोसायटी.”

“सोसायटी म्हणजे कोण?”

“म्हणजे तुम्हीच.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मामांना वाटलं फोन कट झाला. मग मामींनी कमिटीच्या निवडणुकीचा फॉर्म कुठे मिळतो आणि त्याला आधार कार्ड लागतं का, ते विचारलं. मामा आता रोज संध्याकाळी त्यांना फोनवर उपविधी समजावून सांगतात. कुठल्या पदाला उभं राहायचं, याबद्दल त्यांचं मत पक्कं आहे.

“खजिनदार व्हा वहिनी. चिटणीस अजिबात होऊ नका. आणि पंपवाल्याला आधी पैसे देऊ नका, पाणी वर चढलं की मग द्या.”