संस्थापक महोदय, आधी गाडीचा दाखला दाखवा!

प्रति,
संस्थापक,
तीन चाकांची विजेवरची गाडी ‘लवकरच’ देणारी कंपनी

विषय : उरलेली रक्कम भरण्यास जाहीर नकार आणि भरलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

उरलेली रक्कम मी भरणार नाही आणि भरलेली मला परत हवी आहे. ‘आणखी पंचवीस हजार भरा, म्हणजे पहिल्या यादीत नाव लागेल,’ असं तुमच्या कार्यालयातली मुलगी फोनवर सांगते आणि ‘गाडी कधी?’ म्हटलं की गप्प होते. तिच्यावर माझा राग नाही. तुम्ही तिच्या हाती वसुलीचं टार्गेट दिलंत, गाडीची तारीख दिली नाहीत. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला आहे. नगर जिल्ह्यात ज्यांनी तुमच्याकडे पैसे भरले आणि जे अजून ‘भरू का?’ म्हणून विचारताहेत, त्या सगळ्यांच्या देखत ते लिहितो आहे.

गाडीची कल्पना चांगली होती. म्हणूनच तुमचा अपराध मोठा आहे. आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. शेवगावहून, पाथर्डीहून, जामखेडहून रोज नोकरीच्या गावी जाऊन-येऊन करणारे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका एप्रिलचं ऊन आणि जुलैचा पाऊस दुचाकीवर अंगावर घेतात. चारचाकीचा हप्ता आणि पेट्रोल त्यांना झेपत नाही. डोक्यावर छप्पर, दोन माणसं, एक पिशवी आणि घरच्या प्लगवर चार्जिंग एवढी गरज भागवणारी छोटी गाडी या माणसांना खरोखर हवी आहे. ही गरज तुम्ही अचूक ओळखलीत आणि तिच्याच जोरावर पैसे गोळा केलेत.

‘नगरचे लोक नव्या वस्तूला बिचकतात,’ असं तुमच्या माणसाने इथल्या कार्यक्रमात सांगितलं. त्याला या गावाची माहिती नाही. फिरोदियांच्या किनेटिकची लुना 1972 साली आली, तीही तेव्हा वेगळीच गाडी होती. पॅडल असलेली, पन्नास सीसीची, सायकलही नाही आणि स्कूटरही नाही. नगरला किनेटिकचा कारखाना उभा राहिला आणि लुना घराघरांत पोचली, कारण ती विकत मिळत होती. दुकानात जायचं, चालवून बघायची, पैसे मोजायचे आणि घरी आणायची. बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री ती उघडून बसायचा आणि सुटा भाग त्याच दिवशी हाती यायचा. वेगळी गाडी खपवायची ही रीत आमच्या डोळ्यांसमोर घडली आहे.

तुमची रीत सावेडीतल्या प्रदर्शनात पाहिली. गाडीभोवती दोरी बांधलेली. ‘बसून बघा, चालवायला मिळणार नाही.’ बसलो. दार ओढलं तर ते दोनदा आपटावं लागलं. पायाखालची मॅट बाजूला केली, तर जोडाच्या कडेला वेल्डिंगचे कण तसेच राहिलेले. चासी क्रमांक कुठे कोरला आहे, हे विचारलं. दाखवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. बॅटरीच्या पेटीवर तुमच्या कंपनीचं स्टिकर होतं, पण सेल कोणाचे, क्षमता किती, कोणत्या चाचणीत उतरली, याचा कागद नव्हता. मागच्या जागेत दुधाची एक किटली मावेना. शेजारच्या पडद्यावर मात्र हीच गाडी समृद्धी महामार्गावर सुसाट पळत होती. साहेब, त्या महामार्गावर दुचाकी-तीनचाकीला प्रवेशच नाही! कोपरगावच्या, शिर्डीच्या माणसाला ही चित्रफीत दाखवणं म्हणजे धडधडीत फसवी जाहिरात आहे.

आता मुद्द्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे कुठल्याही नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक. दुसरी आमच्या नगरचीच आहे : संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई. लष्कराची वाहनं जिथे घासूनपुसून तपासली जातात ती संस्था आमच्या दारात आहे आणि तुम्ही त्याच दारातून आत न जाता बाहेर मंडप टाकून पैसे गोळा केलेत. तो दाखला नसेल तर नगरच्या आरटीओत एमएच-16 मिळत नाही की श्रीरामपूरला एमएच-17. नोंदणी नाही म्हणजे रीतसर विमा नाही आणि रस्त्यावर यायचा अधिकारही नाही. गाळपाच्या हंगामात रात्री मागे धड दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली समोर येते, त्या रस्त्यावर आमची बायका-पोरं तुमच्या फायबरच्या कवचात बसणार होती. तपासणी हा तुमच्या वाटेतला अडथळा नाही, तो आमच्या जिवाचा प्रश्न आहे.

‘नव्या कंपनीला वेळ लागतोच,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. वेळ लागतो, मान्य. बजाजने आरई-60 ही छोटी गाडी जानेवारी 2012 मध्ये जगाला दाखवली. आपल्या नियमांत अशा गाडीसाठी वर्गच नव्हता. वर्ग तयार झाला, कोर्टकज्जे झाले आणि ‘क्यूट’ म्हणून ती खासगी ग्राहकाला मिळायला 2019 उजाडलं. बजाजला जे सात वर्षांत जमलं ते तुम्ही सहा महिन्यांत करू म्हणालात आणि त्या शब्दावर पैसे घेतलेत. टाटांनी नॅनो जानेवारी 2008 मध्ये दाखवली. त्याच वर्षी सिंगूरचा कारखाना सोडावा लागला, तरी बुकिंग उघडलं ते एप्रिल 2009 मध्ये, गाडी तयार झाल्यावर. दोन लाखांवर अर्ज आले आणि जुलैत पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली पडली. नॅनोचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण पैसे कधी घ्यावेत याचा धडा तिने घालून दिला.

तुमच्यासारख्या नव्या कंपन्या महाराष्ट्रात आणखी आहेत. मुंबईच्या स्ट्रोम मोटर्सने 2021 मध्ये तीनचाकी आर-3 साठी दहा हजार रुपयांवर नोंदणी सुरू केली. मुंबईच्याच पीएमव्हीने नोव्हेंबर 2022 मध्ये 4.79 लाखांची छोटी ‘ईझ-ई’ दोन हजारांच्या बुकिंगवर मांडली. पुण्याच्या वायवे मोबिलिटीने जानेवारी 2025 मध्ये छतावर सौरपॅनेल बसवता येणारी ‘ईवा’ 3.25 लाखांपासून जाहीर केली. त्या किमतीत बॅटरी नाही, तिचं भाडं किलोमीटरमागे मोजायचं. माझी तक्रार या तिघांबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. पण तुम्ही हात वर केलेत की पुढच्या प्रामाणिक पोराच्या गाडीकडेही लोक संशयाने बघणार. त्याचं नुकसान कोण भरून देणार?

परदेशातही अशा गाड्या बुडाल्या, पण तिथे कंपन्यांनी तोंड लपवलं नाही. जर्मनीच्या सोनो मोटर्सने सौरगाडीसाठी हजारो लोकांकडून आगाऊ पैसे घेतले होते. फेब्रुवारी 2023 मध्ये गाडी रद्द केली आणि पैसे हप्त्यांनी परत करण्याची योजना त्याच वेळी जाहीर केली. इलेक्ट्रामेकॅनिकाची एका माणसाची तीनचाकी ‘सोलो’ चालताचालता ताकद गमावू लागली, तेव्हा कंपनीने 2023 मध्ये अमेरिकेतल्या विकलेल्या सगळ्या, म्हणजे 429 गाड्या परत विकत घेतल्या. अपयश कोणालाही येतं. त्या अपयशाचं बिल ग्राहकाच्या माथी मारायचं, हे तुम्ही ठरवून केलंत.

कागदावरच असलेल्या गोष्टीत पैसे घालायला नगर जिल्हा घाबरत नाही, महोदय. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, तेव्हा प्रवरेच्या कारखान्याची एक वीटही रचलेली नव्हती. त्या पैशांतून 1950 मध्ये कारखाना उभा राहिला. पण त्या शेतकऱ्याला भागाबरोबर सभासदत्व मिळालं, मत मिळालं, वार्षिक सभेत उभं राहून हिशेब विचारायचा हक्क मिळाला. तुम्हीही आमच्याच पैशांवर कारखाना उभारू पाहिलात. आम्हाला काय मिळालं? एक बुकिंग क्रमांक आणि वाटाण्याच्या अक्षता.

याच जिल्ह्याने ऑक्टोबर 2023 मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द होताना पाहिला. ठेव अडकली की घरात काय होतं, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. तरी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. तुमच्या बुकिंगला कसलंच नाही. उद्या कंपनी दिवाळखोरीत गेली तर कर्ज देणाऱ्या बँका पुढे आणि आगाऊ पैसे भरलेला ग्राहक मागे. कंपनी कायद्याखालचे 2014 चे ठेवविषयक नियम मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतात : मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालापोटी वळती झाली नाही तर ती ठेव धरली जाते. म्हणजे मुदत उलटल्यावर तुम्ही आमचे पैसे ठेव म्हणून वापरता आहात आणि ठेव घ्यायचा परवाना तुमच्याकडे नाही. ‘बुकिंग परत मिळणार नाही’ अशी बारीक अक्षरांतली अट पुढे करू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी कराराला आव्हान देता येतं.

जे अजून विचारात आहेत त्यांना तुमच्या देखतच सांगतो. नव्या कंपनीची वेगळी गाडी जरूर घ्या, पण क्रम सोडू नका. आधी मान्यतेच्या दाखल्याचा क्रमांक मागा आणि आरटीओत जाऊन खात्री करा. मग दोन माणसं बसवून गाडी स्वतः चालवा. शक्य असेल तर करंजी घाट चढवून आणा, कारण सपाट रस्त्यावरचा पल्ला घाटात टिकत नाही. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि कंपनी बंद पडली तर ती कोण पाळणार, हे लेखी घ्या. नगरमध्ये दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कुठे ठेवणार, त्या जागेचा पत्ता घ्या. कंपनीचा ताळेबंद दरवर्षी सरकारदरबारी दाखल होतो, तो कोणाकडून तरी वाचून घ्या. पैसे यांतल्या प्रत्येक गोष्टीनंतर. एकाही प्रश्नाला ‘लवकरच’ असं उत्तर आलं तर उठून या.

आणि तुम्हाला, महोदय, मोजक्या तीन गोष्टी. जिल्ह्यातून किती लोकांकडून किती रक्कम घेतलीत, ते जाहीर करा. ती रक्कम आज कोणत्या खात्यात आहे, ते सांगा. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना पंधरा दिवसांत व्याजासह परत करा. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तेव्हा सोळाव्या दिवशी मी एकटा नसेन. तुमच्या यादीतली माणसं एकमेकांना शोधू लागली आहेत. पावत्या गोळा होताहेत. नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगासमोर तुम्हाला चौदा तालुक्यांना एकत्र उत्तर द्यावं लागेल.

आपला,
नगरचा एक ग्राहक