हा काही खातच नाही

प्रत्येक सोसायटीत एक 'खातच नाही' काकू असतात. आमच्याकडे त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या टायगरचं, म्हणजे लॅब्राडोरचं, वजन होतं ४४ किलो. आणि तो काही खातच नसे.

हे वाक्य काकू त्याला पोळी भरवता भरवता म्हणत. पोळीला तूप, कारण कोरडी त्याच्या घशाखाली उतरत नाही. सकाळचा सायभात खाण्यात धरायचा नाही. काकांच्या चहातली दोन बिस्किटं, मावशींनी टाकलेला भाकरीचा तुकडा, नातवाचे वेफर्स, वॉचमनची खारी हे सगळं 'वरचं'. एवढं झाल्यावर वाडग्यातलं कुत्र्याचं खाणं तसंच पडून राही, आणि काकू तोच पुरावा म्हणून दाखवत. चतुर्थीला तर टायगर उपास करी. म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाई.

काकू हुकूम इंग्रजीत सोडत आणि जेवायला मराठीत बोलावत. 'सिट' म्हटलं की टायगर भिंतीकडे बघे. 'ये रे माझ्या राजा' म्हटलं की ४४ किलो उठून येत.

शेवटी टायगर दुसऱ्या मजल्यावरच बसकण मारू लागला, तेव्हा डॉक्टर गाठले. त्याला रिक्षात चढवायला दोन माणसं लागत, म्हणून मीही गेलो.

डॉक्टरांनी बरगड्या शोधल्या. बराच वेळ शोधल्या. "या हाताला सहज लागायला हव्यात. आणि वरून पाहिलं की कंबर दिसायला हवी."

"कंबर आहे हो," काकू म्हणाल्या, "केसांत दिसत नाही. थायरॉईड असेल त्याला."

तपासणी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला आणि काकूंचा चेहरा पडला. मग डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, की केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली लॅब्राडोरांत भूक वाढवणारा एक जनुकीय दोष सापडला, चारांतल्या जवळपास एकात तो असतो. काकू उजळल्या. "बघा! पोराच्या रक्तातच भूक आहे."

"असेल. पण रक्त काही पोळीला तूप लावत नाही."

मग फर्मान निघालं. खाणं ३२ किलोच्या कुत्र्याच्या हिशेबाने, वाटीने नव्हे, काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. 'वरचं' सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत. कांदा आणि मनुका अजिबात नाही. कुत्र्याला दोन्ही विषारी. पोह्यांतला कांदा आणि प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका काकूंच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात, कारण त्या प्रथमच गप्प बसल्या.

"पण तो माझ्याकडे बघतो ना, डॉक्टर..."

डॉक्टर मुरलेले होते. म्हणाले, "सकाळी मोजलेल्या खाण्यातलंच मूठभर बिस्किटांच्या डब्यात काढून ठेवा. ज्याला माया येईल त्याने त्यातला एक दाणा द्यायचा. डबा संपला की घरातली माया संपली."

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊलाच घरातली माया संपली. त्या रात्री काकू, काका, मावशी आणि नातू यांची बैठक बसली. 'मी एकच देते'चे जबाब नोंदवले गेले. एकूण बेरीज सतरा भरली. वॉचमनची साक्ष व्हायची होती.

आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरे. डॉक्टर म्हणत, हाच वेग बरा, घाई नको. सहा महिन्यांनी काटा ३३ वर आला. टायगर आता तिसरा मजला एका दमात चढतो आणि वर पोचल्यावर काकूंची वाट बघत उभा राहतो. काकू मात्र भेटेल त्याला सांगतात, "वाळलंय हो पोर. कुणाची तरी दृष्ट लागली."

पण इतक्या वर्षांचा भरवता हात रिकामा कसा राहणार? काल सहज वर गेलो, तर काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बस रे. तू हल्ली काही खातच नाहीस."

समोर बेसनाचे दोन लाडू आले. टायगरने लाडवांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. त्याच्या नजरेत हेवा नव्हता. ४४ किलोंच्या काळातली जुनी ओळख होती.