दादांचं कॉर्नवॉल

नाताळच्या दुसऱ्या दिवशी रेडिंगमधले इंग्रज शेजारी उरलेल्या टर्कीचं काय करायचं या विवंचनेत असतात. तोवर आमच्या दादांनी लॅपटॉप उघडून एक्सेलच्या कोऱ्या फाइलला नाव देऊन टाकलेलं असतं. यंदाचं नाव ‘कॉर्नवॉल, ऑगस्ट २०२६’. बाहेर दुपारी चारलाच अंधारून आलंय, घरात हीटर चालू आहे, आणि दादा आठ महिन्यांनंतरच्या उन्हाळ्यात छत्र्या गाडीत डावीकडे ठेवायच्या की उजवीकडे, याचा निर्णय घेतायत.

दादा पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. बरी चाललेली गोष्ट कुठे अडेल हे शोधायचा त्यांना पगार मिळतो. घरी ते हेच काम बिनपगारी करतात. सहलीला आम्ही तीन कुटुंबं, माणसं अकरा. ‘कुठेतरी समुद्रावर जाऊ, मजा करू’ एवढीच आमची मागणी होती. ‘कुठेतरी’ हा शब्द दादांसमोर उच्चारू नये, हे आम्हाला एव्हाना कळायला हवं होतं.

तारखा ठरवणं खरं तर सोपं. इंग्लंडात शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जेमतेम सहा आठवडे. एरवी मुलांना शाळा बुडवून नेलं, तर दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड दंड, आणि तोही लगेच भरला तर. उशीर केला की १६०. त्यामुळे पोरंबाळं असलेला सगळा देश याच सहा आठवड्यांत निघतो. त्यातून भाड्याची बहुतेक कॉटेजं शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणजे निघतोही एकाच दिवशी. दादांचा यावर तोडगा तयार आहे: ८ ऑगस्टला पहाटे साडेतीनला प्रस्थान, मुलं पांघरुणासकट उचलून गाडीत. ए-३०३ हा रस्ता त्यांनी पहिल्याच फेरीत बाद केला, कारण तो स्टोनहेंजला खेटून जातो आणि प्रत्येक गाडी तिथे माना वळवायला मंदावते. ‘ते दगड साडेचार हजार वर्षं तिथेच आहेत. आपण त्यांच्यापुढे तासभर का उभं राहायचं?’

मग टेमार नदीचा प्रश्न. या नदीपलीकडे कॉर्नवॉल. प्लिमथजवळच्या पुलावर टोल आहे, पण तो कॉर्नवॉलमध्ये शिरताना पडत नाही, बाहेर पडताना पडतो. (बाहेर पडायला लोक काय वाटेल ते देतील, असा याचा अर्थ शेजारच्या डेव्हनमधली माणसं काढतात.) दादांनी जायचा मार्ग या पुलावरून आखला, कारण फुकट आहे आणि शेजारीच इंजिनिअर ब्रुनेलचा १८५९ सालचा रेल्वेपूल दिसतो; यायचा मार्ग ए-३०ने, लॉन्सेस्टनवरून, जिथे टोलच नाही. ब्रुनेलला सलाम ठोकून टोल चुकवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

कॉटेजच्या जाहिरातीत ‘समुद्राची झलक’ असं लिहिलं होतं. तुम्ही-आम्ही अशा वाक्यावर विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. दादांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा २५ हजारी नकाशा मागवला. ही संस्था १७९१ साली, फ्रेंच चाल करून येतील या धास्तीच्या काळात उभी राहिली. पुढे तिच्या नकाशांचा उपयोग घरमालकिणींवर होईल हे तेव्हाच्या सरदारांच्या डोक्यातही नसणार. दादांनी पट्टी घेऊन उंचीच्या रेषा मोजल्या, मधल्या टेकाडाची सावली काढली, आणि मालकीणबाईंना फोन केला: ‘झलक फक्त वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून दिसते ना?’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग बाई म्हणाल्या, ‘उंच माणसाला दिसते.’ दादांना इतकं समाधान कधीच मिळालं नव्हतं. त्यांनी ताबडतोब कॉटेज ठरवलं.

‘स्वयंपाक’ नावाचं शीट वेगळं आहे. इंग्रजी कॉटेजात चूल कुठलीही असो, छताला धुराचा अलार्म असतो, आणि हिंग-मोहरीच्या फोडणीबद्दल त्याची मतं ठाम असतात. म्हणून रोज संध्याकाळी फोडणीआधी दोन खिडक्या उघडायच्या आणि एका पुरुषाने टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालत उभं राहायचं. पाळ्या लागल्या आहेत. माझी सोमवारी आणि गुरुवारी.

पावसासाठी ईडन प्रकल्प राखून ठेवला आहे. चिनी मातीच्या जुन्या खाणीत २००१ साली उघडलेले ते प्रचंड घुमट, आत उष्ण कटिबंधाचं जंगल. तोवर नाशिकहून दादांच्या आई आल्या होत्या. त्यांनी माहितीपत्रक नीट वाचलं आणि विचारलं, ‘केळीची झाडं बघायला तिकीट काढायचं?’ दादांनी त्या रकान्याचा रंग हिरव्याचा पिवळा केला.

पोर्थकर्नोला मात्र आईंनीच होकार दिला. १८७० साली समुद्राखालून आलेली मुंबईची तार या चिमुकल्या खाडीत किनाऱ्याला लागली. इथून निघालेला निरोप काही मिनिटांत मुंबईत पोचायचा. दादांच्या टिपणात त्यापुढे लाल अक्षरात आहे: ‘मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पार्किंगला सुटी नाणी.’

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा केला सेंट मायकल्स माउंटने. मॅराझायनच्या किनाऱ्यासमोर समुद्रात खडकावर उभा असलेला हा किल्ला. भरतीला होडीने जायचं, ओहोटीला काही तास उघडी पडणाऱ्या फरसबंदी वाटेने चालत. दादांना अर्थातच चालत जायचं होतं. त्यांनी भरती-ओहोटीची कोष्टकं उतरवली आणि त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त ओसरतं, आणि त्या किनाऱ्यावर तेव्हाची ओहोटी पडते नेमकी दुपारच्या सुमाराला, जेवणाआधी. बुधवार, १२ ऑगस्टला अमावास्या! शिवाय त्याच संध्याकाळी सूर्यग्रहण: कॉर्नवॉलमधून सातनंतर सूर्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग झाकलेला दिसणार. दुपारी किल्ला, संध्याकाळी सेननच्या पश्चिम किनाऱ्यावरून ग्रहण. चष्मे अकरा, फेब्रुवारीतच मागवलेले. एवढी जुळणी पत्रिकेतसुद्धा होत नाही.

आईंनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. ‘अमावास्येला पोरांना घेऊन समुद्रात उतरणार तू?’

‘उतरायचं नाही आई, चालायचंय.’

‘आणि वर ग्रहण. वेध पहाटेपासून लागतात. काही खायचं नाही.’

बुधवारी दुपारी साडेबाराला मॅराझायनला चीज-कांद्याच्या पॅस्ट्या ठरल्या होत्या. दादांनी सावध पवित्रा घेतला. हे ग्रहण भारतात दिसणारच नाही, तिकडे तेव्हा रात्र. मग वेध कसले? आई म्हणाल्या, ‘आपण भारतात असणार आहोत का?’ टेस्टर म्हणून वीस वर्षांत दादांना असा दोष कुणी दाखवलेला नव्हता. मग त्यांनी नियमातली सवलत काढली: बालक, आजारी आणि वृद्धांना वेध शिथिल असतात. ‘वृद्ध कोण?’ आईंनी विचारलं. सवलत मागे घेण्यात आली.

त्यातून गुरुवारपासून श्रावण. आमच्यातली दोन कुटुंबं श्रावणात मासे खात नाहीत, आणि न्यूलिनसारखं मासेमारीचं बंदर हाकेच्या अंतरावर. म्हणजे सगळे मासे बुधवारपर्यंत संपवायचे. बुधवारी उपास. म्हणजे मंगळवारपर्यंत. ग्रुपवर मतदान झालं, दोन दिवस कडाक्याची चर्चा झाली, आणि क्रीम टीसाठी, म्हणजे चहासोबतच्या जॅम-क्रीम लावलेल्या स्कोनसाठी, राखलेल्या सोमवारच्या दुपारी बांगडे आले. आधी जॅम की आधी क्रीम, हा डेव्हन-कॉर्नवॉलचा जुना वाद आम्हाला त्यामुळे सोडवावाच लागला नाही.

दादा मात्र खचत चालले होते. कारण एका रकान्याला पर्यायच नव्हता. ११ ऑगस्ट १९९९ला याच कॉर्नवॉलमध्ये खग्रास ग्रहण होतं. लांबलांबून माणसं लोटली, आणि ऐनवेळी बहुतेक ठिकाणी ढगांनी आभाळ भरलं. अंधार झाला तेवढं सगळ्यांना कळलं. हवामान खात्याचं मुख्यालय वाटेवरच एक्झिटरला आहे, पण शनिवारी सकाळी तिथे उतरून बुधवारबद्दल विचारण्यात अर्थ नाही हे दादांनाही मान्य होतं. ‘ढग आले तर?’ हा रकाना तीन आठवडे रिकामा होता. जेवताना ते त्याच्याबद्दल बोलायचे. वहिनींनी ऐकणं सोडून दिलं होतं.

शेवटी परवा आई निवडत असलेल्या मेथीवरून मान वर करून म्हणाल्या, ‘ढग आले तर उत्तमच की रे. दिसलं नाही तर पाळायचं कशाला? वेळेवर जेवून घेऊ.’

दादांनी मिनिटभर विचार केला. मग लॅपटॉप उघडून लिहिलं: ‘ढग आल्यास: सायं. ७.१५, पिठलं-भात. टॉवेल: स्वतः.’