सव्वा किलोचं ओझं

"काय उचलता?" पेरू पिकलाय का बघावं तसा माझा उजवा खांदा दाबत डॉक्टरांनी विचारलं.

"लॅपटॉप," मी म्हणालो. "मी लेखक आहे."

दुसऱ्या वाक्याची काही गरज नव्हती. पण ते मी रिक्षावाल्यालाही सांगतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'जड उचलू नये' एवढंच लिहिलं आणि खाली गोळ्या लिहिल्या. माझ्या लेखकपणाची नोंद त्यात कुठेही नव्हती.

आता जड म्हणजे किती? बँकेत ३१ वर्षं काढलेल्या माणसाला असलं मोघम सोसत नाही. घरी जाताना कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर मी बॅग ठेवली. लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर मिळून ३ किलो १५० ग्रॅम.

"एवढी साखर तुम्ही महिन्याला नेत नाही, काका," वाणी म्हणाला. साबुदाण्यासाठी मागे थांबलेल्या बाई हसल्या. त्या आमच्याच इमारतीतल्या असल्यामुळे मी घरी पोचायच्या आत वजन घरी पोचलं होतं.

लॅपटॉप ११ वर्षांचा होता. १५.६ इंचांचा पडदा, डाव्या बिजागरीला चिकटपट्टी. सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जायचो. आंघोळ, पूजा, चहा उरकून यावं तरी ह्याचं अजून उठणं चाललेलं असायचं. पंखा फिरायला लागला की शेजारचे विचारायचे, गिरणी सुरू झाली का? बॅटरी आठ मिनिटं. लोकलमध्ये बसायला मिळालंच आणि मी डोंबिवलीला तो उघडलाच, तर दिवा येईपर्यंत विझायचा.

अशा वेळी भाचे धावून येतात. माझा भाचा संगणकातच नोकरी करतो, म्हणजे नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही ह्यावर करता काय? लेख लिहिता, मेल पाठवता, नाट्यगीतं ऐकता. त्यासाठी ट्रक कशाला? सायकल घ्या."

ह्या सायकलीचं नाव क्रोमबुक. भाच्यानं तिची कुळकथा सांगितली. गूगलनं ही कल्पना २००९ साली जाहीर केली आणि २०११च्या जूनमध्ये पहिली यंत्रं बाजारात आली. कल्पना अशी, की माणूस सगळा वेळ ब्राउझरमध्येच घालवतो, तर मग संगणकही त्याच्याभोवतीच बांधावा. कामं इंटरनेटवर, सामान ढगात, घरात फक्त ओसरी. म्हणून यंत्राला मोठी हार्ड डिस्क नको, फार ताकद नको. मी बघितलं त्याला पंखासुद्धा नव्हता. आणि २०२१पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं आपोआप अपडेट. मात्र ही दहा वर्षं आपण विकत घेतल्यापासूनची नाहीत, तो साचा पहिल्यांदा निघाल्यापासूनची. हे मला लगेच पटलं. नवरदेवाचं वयही कुणी लग्नाच्या दिवसापासून मोजत नाही.

घेतलं. ११.६ इंची पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. दुकानातून थेट वाण्याकडे. चार्जरसकट १ किलो २५० ग्रॅम! सव्वाचं माप, सत्यनारायणाच्या प्रसादासारखं. ह्याहून शुभ काय असणार? झाकण उघडल्यावर सात-आठ सेकंदांत यंत्र तयार. आता पंचाईत अशी झाली, की यंत्र तयार आणि मी नाही. इतकी वर्षं 'लॅपटॉप सुरू होतोय' ह्या सबबीवर मी रोज पाऊण तास लेखन टाळत होतो, ती सोय गेली.

आठवडाभर मी ते हातात घेऊन घरभर फिरलो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, हलका आहे हे कळलं सगळ्यांना. आता खाली ठेवा. बारशातल्या बाळासारखा काय मिरवताय?"

खाली ठेवला आणि कामाला लागलो, तिथून फेरे सुरू झाले.

माझं वीस वर्षांचं साहित्य कृतिदेवमध्ये आहे. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, तो कृतिदेव नाहीतर तशाच एखाद्या फॉन्टचं नाव घेईल. पेन ड्राइव्ह लावून मी माझा गाजलेला लेख उघडला. (तो आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत गाजला होता.) पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. जिथे 'मराठी' लिहिलं होतं, तिथे ई, जे, के, बी, एच. जिथे 'आई' होती, तिथे व्ही, के, बी, झेड. माझी आई व्हीकेबीझेड झाली होती.

"मामा, ती पहिल्यापासून व्हीकेबीझेडच होती," भाचा फोनवर म्हणाला. ह्या जुन्या फॉन्टांची गोम अशी: संगणकाच्या पोटात साठतात इंग्रजीच अक्षरं, फॉन्ट त्यांना वरून देवनागरीचा पोशाख घालतो. फॉन्ट नसला की बहुरूप्याचा रंग उतरतो. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'क'चा ०९१५. तो डोंबिवलीतही ०९१५ आणि डेट्रॉइटमध्येही ०९१५. थोडक्यात, वीस वर्षं मी मराठीची सेवा करतोय अशा समजुतीत इंग्रजीतून निरर्थक अक्षरं बडवत होतो. काही समीक्षकांचं हेच म्हणणं होतं, पण त्यांना कारण सांगता आलं नव्हतं.

जुने लेख युनिकोडमध्ये पालटून घेता येतात. भाच्यानं ते करून देतो म्हटलं, आणि मी 'नको' म्हटलं. इथे वाचकांनी माझी बाजू घेऊ नये. मी कपाटातून जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी काढली. नव्या यंत्राला सीडीची फट नाही, म्हणून बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह आणला. सॉफ्टवेअरचं डोंगल लावायला आणि बाकी सगळं जोडायला चार तोंडांचा हब आणला. सगळं जोडलं, सीडी गरगर फिरली, फाइलवर दोनदा टिचकी मारली. काही नाही. ते सॉफ्टवेअर ह्या यंत्रासाठी बनलेलंच नव्हतं. इलेक्ट्रिक शेगडीत कोळसे घातल्यासारखा प्रकार.

मग नव्यानं शिकायचं ठरवलं. माझी बोटं रेमिंग्टनची; टाइपरायटरपासूनची सवय. इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. व्यवस्था सुरेख, पण बोटांना मान्य नाही. शेवटी रोमन अक्षरांत लिहायचं आणि मराठी उमटवायचं, असा सोपा मार्ग धरला. ह्यात 'त' आणि 'ट' एकाच बटणातून निघतात आणि समोर आलेल्या पर्यायांतून आपण योग्य शब्द निवडायचा असतो. मी पहिला येईल तो घेत गेलो. नमुन्याची चार पानं दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवली. रात्री त्यांचा फोन.

"साहेब, लेख विनोदी आहे, मान्य. पण 'आईने संध्याकाळी देवापुढे वाट लावली' म्हणजे काय?"

"वात," मी म्हणालो. "वात लावली."

"लावलीत खरी," ते म्हणाले.

ह्या यंत्रावर कॅप्स लॉकचं बटण नाही, त्या जागी शोधाचं बटण आहे. डिलीटचंही नाही, शोधाचंच बटण धरून बॅकस्पेस दाबायचं. मला हे पाठ होईना, म्हणून मी जुना कीबोर्डच हबला जोडला. माउसही जोडला. ढगात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण मेल आणि फोटोही त्यातच मोजतात, आणि माझ्याकडे २१२ जीबी ऐवज. त्यातलं साहित्य ४० एमबी. बाकी लग्नं, मुंजी आणि सहली. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क. त्यातलेही थोडे फोटो हाताशी असावेत म्हणून यंत्राच्या ६४ जीबीत बसतील तेवढे कोंबले.

गणपतीला गावी निघताना ही सगळी बॅग वाण्याच्या काट्यावर ठेवली. ३ किलो ४०० ग्रॅम.

"काका, वाढलं," वाणी म्हणाला.

गाव राजापूर तालुक्यात. चतुर्थीच्या पाच दिवस आधी पोचलो. लेखाची मुदत चतुर्थीची. पण गावात नेटवर्क येत नाही. खरे ढग दारात उतरले होते, आणि माझा ढग डोंबिवलीला राहिला होता.

"नेटवर्क हवं तर सड्यावर जा," चुलतभाऊ अण्णा म्हणाले. "चिंचेखाली दोन काड्या येतात. पाऊस असला तर एक."

नेटवर्क नसतानाही लिहिता यावं, अशी सोय ह्या यंत्रात आहे. फक्त ती नेटवर्क असताना आधी चालू करून ठेवावी लागते. भाच्यानं हे मला तीनदा सांगितलं होतं आणि मी तीनदा 'हो' म्हटलं होतं. तेव्हा एका साध्या टिपणवहीसारख्या ॲपमध्ये चार संध्याकाळी बसून लेख लिहिला आणि यंत्रातच, डाउनलोडच्या कप्प्यात ठेवला. लेख उत्तम झाला होता. हरवलेले लेख उत्तमच असतात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी यंत्रानं कळवलं, जागा भरत आली आहे. फोटो काढून टाकावेत असं कुणालाही सुचलं असतं. मी सेटिंग्जमध्ये शिरलो आणि एक शब्द दिसला: पॉवरवॉश. घरात तेव्हा काय चाललं होतं बघा. वहिनी समया घासत होत्या, अण्णा माटवी बांधत होते, बायको ओटी सारवल्यासारखी पुसत होती. सगळं घर धुऊन निघत असताना माझं यंत्रच पारोसं राहावं, हे बरं दिसेना. यंत्रानं काहीतरी लांबलचक बजावलं. ३१ वर्षं मी खातेदारांना 'वाचायची गरज नाही, इथे सही करा' म्हणत आलोय. मीही न वाचता सही केली.

पॉवरवॉश म्हणजे यंत्र कारखान्यातून निघालं तसं कोरं करणं. दोन-चार मिनिटांत ते कोरं झालं आणि मला अनोळखी माणसासारखं 'स्वागत' म्हणालं. पुढे जायला नेटवर्क हवं. छत्री घेऊन सड्यावर गेलो. मोबाइलच्या एका काडीवर यंत्रानं पासवर्ड मागितला. पासवर्डाची वही डोंबिवलीला. भाच्याला फोन लावला.

"मामा, पासवर्ड मामीची जन्मतारीख आहे. तुम्ही विसरणार नाही म्हणून तीच ठेवली."

चिंचेखाली मी बराच वेळ उभा होतो. मग खाली उतरून बायकोला तिची जन्मतारीख विचारली. त्यानंतर घरात जे झालं ते सणासुदीला लिहू नये. एवढंच सांगतो, की आत शिरता आलं, ढगात ठेवलेलं सगळं जागच्या जागी होतं, आणि लेख त्यात नव्हता.

त्या रात्री वीजही गेली. कंदिलाजवळ बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आठवेल तसा लेख पेननं लिहून काढला. वात, वाट, जे म्हणायचं तेच उमटत होतं. सकाळी बायकोनं सड्यावर जाऊन मोबाइलनं पानांचे फोटो पाठवले. संपादकांचं उत्तर संध्याकाळी आलं: 'अक्षर सुवाच्य आहे. असेच पाठवत जा. आधीच्या लेखांपेक्षा हा लहान झाला आहे, तेही बरे.'

परतल्यावर क्रोमबुक बायकोनं घेतला. त्यावर ती भिशीचा हिशेब ठेवते, नाशिकला लेकीशी समोरासमोर बोलते, कीर्तनं ऐकते. आजवर एकदाही भाच्याला फोन करावा लागलेला नाही. तिला त्यात आधीचं काही आणायचंच नव्हतं. हब, डोंगल, सीडी ड्राइव्ह तिनं एका पिशवीत बांधून माझ्या टेबलाखाली ठेवलेत. वर चिठ्ठी आहे: 'ह्यांचं'.

मी आता वही वापरतो. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या दिवशी वाण्याकडे वजन केलं तेव्हा पावशेराच्या थोडं वर. "काका, आता खरे हलके झालात," तो म्हणाला.

पण पावसात वही भिजेल म्हणून तिला एक जाड फोल्डर घेतला. पेन ऐन वेळी दगा देतं म्हणून चार पेनं. मजकूर पुन्हा हरवू नये म्हणून दुसऱ्या वहीत नक्कल. शब्द अडला तर हाताशी असावा म्हणून मोल्सवर्थचा कोश. आणि जुना लॅपटॉप, एखादा कृतिदेवमधला संदर्भ लागलाच तर.

गेल्या आठवड्यात पुन्हा खांदा दाखवायला गेलो.

"काय उचलता?" डॉक्टरांनी विचारलं.

"वही," मी म्हणालो.

डॉक्टर अनुभवी आहेत. त्यांनी खांदा सोडला, खुर्चीत बसले आणि पेनाचं टोपण काढत म्हणाले, "बरं. आणि वहीबरोबर काय काय?"